लॅपटॉप ‘फॉरमॅट’ मारण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता



सन २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, वर्ग घरात भरू लागले आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ऊसबिलाच्या हप्त्यातून मुलांसाठी लॅपटॉप घेतला. पुढे मुले शिक्षणाला बाहेरगावी गेली, लॅपटॉप घरीच राहिला आणि त्यात हळूहळू घरचा सगळा कारभार जमा झाला. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, पीककर्जाचे कागद, ठिबकची बिले, लग्नाचे फोटो. आता तो लॅपटॉप थकला आहे. बटण दाबावे, तर चहा होऊन कपबशा विसळून होतात तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. मग कोणीतरी म्हणते, "एकदा फॉरमॅट मारून आणा, पळायला लागेल." आणि खरंच पळायला लागतो. फक्त आत काही शिल्लक राहिलेले नसते.

ज्याला आपण फॉरमॅट मारणे म्हणतो त्याचे व्यवस्थित रूप म्हणजे फॅक्टरी रिसेट. फॅक्टरी म्हणजे आपला कारखाना नव्हे, लॅपटॉप जिथे बनला तो. लॅपटॉप मूळ कोऱ्या स्थितीत आणणे असा त्याचा अर्थ. चार-पाच खोडवे घेतल्यावर शेतात हराळी माजते, हुमणी लागते, उतारा घटतो. मग खोडवा मोडून, नांगरट करून नवी लागण करावी लागते. रिसेट म्हणजे असा खोडवा मोडणे आहे. मोडलेला खोडवा पुन्हा उभा करता येत नाही, हे इथेही तितकेच खरे.

सर्वात आधी हे पाहावे की, रोग कशाचा आहे. क्षारपड जमिनीत कितीही वेळा नवी लागण केली तरी ऊस पिवळाच राहतो. तसे लॅपटॉपची आतली हार्ड डिस्कच खराब होत आली असेल, तर रिसेट करून चार दिवस बरे वाटेल आणि पुन्हा तेच. फाईल उघडताना मधेच अडकणे, टकटक आवाज येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी रिसेटच्या फंदात न पडता आधी फाईली बाहेर काढाव्यात आणि डिस्क बदलून घ्यावी. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जुना लॅपटॉपही चांगला चालतो, आमच्या मते रिसेटपेक्षा त्याचाच गुण अधिक येतो. काही वेळा तर नुसती सी ड्राईव्ह गच्च भरलेली असते. सिनेमे आणि मोबाईलवरून उतरवलेले व्हिडिओ हलवले की काम भागते. मात्र नको ते प्रोग्रॅम शिरले असतील, पडद्यावर सारख्या जाहिराती येत असतील, विंडोज बिघडले असेल किंवा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल, तर रिसेट हाच मार्ग.

आता काय काढून घ्यावे ते पाहू. लेखाचा मुख्य भाग हाच आहे.

सातबारा पुन्हा काढता येतो. बँकेचा उतारा पुन्हा मिळतो. ऊसबिलाची प्रत आपल्या गट ऑफिसात मागता येते. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही, ते आधी बाहेर काढावे. मोबाईल भरला म्हणून लॅपटॉपवर उतरवलेले आणि मग मोबाईलमधून पुसलेले फोटो हे त्यातले पहिले. घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज कुठल्यातरी व्हिडिओत तेवढाच उरलेला असतो. वाटणीच्या वेळी बांधावर काढलेले फोटो, विहिरीच्या हिश्श्याबद्दल हाताने लिहिलेल्या कागदाचे स्कॅन, पाच-सात वर्षांचे माती तपासणीचे अहवाल, खताचे नि पाण्याचे टिपण, हे सर्व ‘डॉक्युमेंट्स’मध्येच असेल असे समजू नये. आपल्याकडे निम्मा कारभार ‘डेस्कटॉप’वर असतो आणि उरलेला ‘डाउनलोड्स’मध्ये. तिन्ही ठिकाणे आणि ‘पिक्चर्स’ पाहावेत. घरातील प्रत्येकाने वेगळ्या नावाने लॉगिन केले असेल तर प्रत्येकाचे वेगळे पाहावे.

एका पेनड्राईव्हवर विसंबू नये. बाहेरची एक हार्ड डिस्क आणि दुसरे काही, अशा दोन ठिकाणी प्रत ठेवावी. प्रत केल्यावर ती दुसऱ्या संगणकाला लावून चार फाईली उघडून पाहाव्यात. बेणे घरात आहे एवढ्याने भागत नाही, डोळे उगवतात का ते लागणीआधी पाहतोच ना आपण.

मराठीत टाईप केलेल्या जुन्या कागदांबाबत एक अडचण हमखास येते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला अर्ज किंवा सोसायटीचा ठराव रिसेटनंतर उघडला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. माणूस घाबरतो, फाईल गेली म्हणतो. फाईल जागेवर असते, फॉन्ट गेलेला असतो. म्हणून ज्या फॉन्टमध्ये आपले काम आहे त्याची फाईलही सोबत काढून ठेवावी व नंतर बसवावी. युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मजकुराला हा त्रास नाही. मराठीचा कळफलक मात्र पुन्हा जोडून घ्यावा लागेल.

कृषी सेवा केंद्र किंवा दुकान चालवणाऱ्या सभासदांकडे टॅली असते. तिच्या हिशेबाच्या फाईलीची प्रत घ्यावी, आणि परवाना त्या यंत्रावरून आधी रीतसर सोडवून घ्यावा. नंतर धावपळ होते.

खाते कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम ठळक घेत आहोत. लॅपटॉप घेताना पुष्कळदा दुकानातल्या मुलानेच तो सुरू करून दिलेला असतो. त्याने त्या घाईत मायक्रोसॉफ्टचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असते, नाहीतर आपल्या नावाने उघडून पासवर्ड आपल्याला सांगितलेलाच नसतो. रोजच्या वापरात चार आकडी पिन पुरतो, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. रिसेटनंतर लॅपटॉप ईमेल आणि पासवर्ड मागतो तेव्हा पंचाईत होते. सोबत आलेले ऑफिस त्याच खात्यावर नोंदलेले असेल तर तेही अडकते.

त्याहून अवघड गोष्ट कुलपाची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरची सगळी माहिती आपोआप कुलूपबंद होते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. एरवी ते जाणवतही नाही. पण विंडोज सुरूच होईना आणि बाहेरून दुरुस्ती करायची वेळ आली, की पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती किल्ली सहसा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. खाते दुकानदाराचे, तर किल्लीही दुकानदाराकडे. किल्ली नसेल तर लॅपटॉप पुसून नव्याने चालू करता येतो, पण आतली एकही फाईल निघत नाही, मग कारागीर कितीही हुशार असो. सबब, लॅपटॉप धड चालतोय तोवरच आपल्या खात्यात जाऊन ते ४८ आकडे कागदावर उतरून घ्यावेत आणि खरेदीखताच्या पिशवीत ठेवावेत. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, तेही पाहावे. बंद पडलेल्या सिमवर ओटीपी गेला तर तो कोण वाचणार?

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गूगल खात्याला जोडलेले असतील तर परत मिळतात, नसतील तर जातात. एका वहीत लिहून वही कुलपात ठेवणे हा जुना उपाय आजही वाईट नाही.

प्रत्यक्ष काम

चार्जर लावूनच सुरुवात करावी, त्याशिवाय रिसेट सुरूही होत नाही. बॅटरी मेलेली असेल आणि लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर घ्यावे, कारण मधेच वीज गेली तर विंडोज अर्धवट राहून लॅपटॉप अडून बसू शकतो. विंडोज ११ असेल तर ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘रिकव्हरी’ आणि तिथे ‘रिसेट पीसी’. विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ खाली ‘रिकव्हरी’ आहे. लॉगिनच होत नसेल तर शिफ्टचे बटण दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे, म्हणजे निळा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये हीच सोय आहे.

पुढे दोन वाटा फुटतात. ‘कीप माय फाईल्स’ निवडले तर आपले फोटो आणि कागद राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सर्व साफ. पहिली वाट निवडली तरी प्रत घेतल्याशिवाय हात लावू नये. नंतर विंडोज कोठून आणायचे ते विचारले जाते. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडल्यास ४ जीबीहून अधिक डेटा लागतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मधेच संपेल, तेव्हा चांगली जोडणी नसल्यास ‘लोकल रिइन्स्टॉल’ घ्यावे. विंडोजच्या स्वतःच्या फाईली बिघडल्या असल्या तर मात्र क्लाउडच बरा.

एक ध्यानात घ्यावे. या पद्धतीने आज जे विंडोज चालू आहे तेच कोरे होऊन येते, विकत घेताना होते ते नव्हे. विंडोज १० ची नियमित सुरक्षेची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज १० रिसेट केले म्हणून मुदत वाढत नाही. लॅपटॉप ११ ला पात्र असेल तर त्याच खटपटीत पुढे न्यावा.

दुकानातूनच काम करून घ्यायचे असेल तर दुकानदाराला बजावून सांगावे, की आमच्या लॅपटॉपसोबत आलेले अस्सल विंडोजच पुन्हा टाक. त्याचा परवाना यंत्राच्या मुख्य बोर्डाशी बांधलेला असतो आणि इंटरनेट जोडले की आपोआप लागू होतो. काही ठिकाणी सवयीने चोरीची प्रत टाकली जाते. पैसे देऊन घेतलेले अस्सल बेणे टाकून देऊन भेसळीचे लावण्यासारखेच हे झाले. घरी आणण्यापूर्वी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून पाहावे.

फसवणूक झाली असेल तर घाईने रिसेट करू नये. कोणी फोनवर बोलत बोलत लॅपटॉपचा ताबा घेणारा प्रोग्रॅम टाकायला लावला आणि पैसे गेले, तर प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. तक्रारीला लागणाऱ्या खुणा त्या लॅपटॉपमध्येच असतात. रिसेट त्यानंतर.

विकताना आणि घेताना

लॅपटॉप विकताना आपण फाईली डिलीट करतो, कचऱ्याची टोपलीही रिकामी करतो. पण नोंदवहीतून उसाची नोंद खोडली म्हणून शेतातला ऊस नाहीसा होत नाही. डिलीट करताना बहुधा नुसती नोंद खोडली जाते, मजकूर डिस्कवर तसाच उभा असतो आणि जाणकार माणूस तो बाहेर काढू शकतो. त्यात आपले आधार, पॅन, पासबुक आणि सहीचे नमुने असतात. म्हणून विकताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करावे. डी ड्राईव्ह असेल तर सर्व ड्राईव्ह पुसण्याचा पर्यायही तिथेच मिळतो. याला तासन्‌तास लागतात, लागू द्यावेत. नंतर मोबाईलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन त्या लॅपटॉपचे नाव कमी करावे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने तर रिसेट विकणाऱ्यासमोरच करून घ्यावा. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप बाजारात स्वस्तात येतात, दिसायलाही चांगले असतात. त्यातले काही अजून त्या कंपनीच्या यादीत असतात. रिसेट करून वाय-फाय जोडले, की कंपनीचे नाव येते आणि तिथला ईमेल मागितला जातो. असा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. कितीदाही रिसेट केला तरी तो पडदा परत येतो. इंटरनेट जोडून सुरुवातीची सगळी पाने पार होईपर्यंत पैसे हातावर ठेवू नयेत.

आणि आपण देणारे असू तर रिसेट संपल्यावर देश आणि भाषा विचारणारे पहिले पान येते, तिथेच थांबावे. आपले नाव घालू नये. बटण दाबून बंद करावा आणि चार्जर व खरेदीची पावती यांसह नव्या मालकाच्या हाती द्यावा.