बीजाचा श्वास व पिकाचे घड्याळ

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, तिफण फिरली. आणि आठ दिवसांनी पाहावे तो तासांत रोपांपेक्षा रिकाम्या जागाच अधिक! आमच्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची अशी गत आम्ही प्रत्यक्ष पाहिली. बियाणे घरचेच, पाऊसही वेळेवर. तरी दुबार पेरणी करावी लागली, व तीही उसनवारीने. दोष कोठे होता, या जिज्ञासेतून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

बीज दिसावयास खड्यासारखे निर्जीव. वस्तुतः त्यात एक इवलेसे रोप आपल्या शिदोरीसह निजलेले असते व अतिमंद श्वसन करीत असते. पाणी, प्राणवायू व योग्य उष्णता लाभताच ते जागे होते. परंतु साठवणीतच ओलावा व उष्णता वाढली, तर श्वसन वाढते, आतील द्रव्ये बिघडतात आणि रोप निजल्या जागी वृद्ध होऊन मरते. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक स्थूल नियम आहे: बियांतील ओलावा १ टक्क्याने घटला की आयुष्य दुप्पट, साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा दुप्पट. म्हणजे १३ टक्के ओलाव्याचे बी १० टक्क्यांपर्यंत वाळविले, तर ते सुमारे आठपट टिकावे. आमच्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा पत्र्याखालील पोत्यात काय घडत असेल, हे वाचकांनीच ताडावे. जुन्या बायका बियाण्याची कणसे चुलीवरच्या धुरात टांगीत, कडधान्य राख घालून मडक्यात ठेवीत. टक्केवारी त्यांस ठाऊक नव्हती; ओलावा हा वैरी आहे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

सोयाबीन तर विशेष नाजूक. साल पातळ, तेल पुष्कळ आणि मूलांकुर सालीच्या अगदी लगत. मळणीत किंवा पोते आपटताना त्यास सहज इजा होते. म्हणूनच प्रमाणित बियाण्याची किमान उगवण हरभऱ्यास ८५ टक्के, तर सोयाबीनला ७० टक्केच ठरविली आहे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटावर रांगेने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, गोणपाट वाळू देऊ नये, व आठव्या दिवशी सुदृढ रोपे मोजावीत. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने ही बिनखर्ची परीक्षा केली नव्हती. (आमची केळी तेवढी या विवंचनेतून सुटली, तिच्या फळात पेरण्याजोगे बीच नाही, ती लावावयाची मुनव्यांपासून.)

उगवले म्हणजे फुललेच असे नाही. १९२० मध्ये गार्नर व ॲलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखविले की, कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांना आढळले की, वनस्पती खरोखर मोजते ती रात्र. दीर्घ रात्रीच्या मध्यावर क्षणभर दिवा लावला, तरी फुलोरा हुकतो. बुऱ्हाणपुरात सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, तर सर्वांत लहान १० तास ५० मिनिटांचा. फरक अडीच तासांचाच. पण जुन्या उंच ज्वारीस तो पुरेसा होता. पेरणी पंधरा दिवस मागेपुढे झाली, तरी ती बहुधा एकाच सुमारास, दिवस आखूड झाल्यावरच निसवे.

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी आली. ती बुटकी, भरघोस आणि दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारी. ती लवकर निसवली, आणि येथेच घोटाळा झाला! दाणा भरण्याच्या वेळी पाऊस गेलेलाच नसे. कणसांवर बुरशी चढे व ज्वारी काळी पडे. जुन्या वाणाचा उशीर हा निव्वळ आळस नव्हता, असे आम्हांस वाटते. पुढे वाणांची निवड करताना उत्पन्नासोबत दाण्यावरील बुरशीला दाद न देण्याचा गुणही पारखला जाऊ लागला.