उदेन राजाचा प्रश्न आणि आपले माळे



कौशांबीत उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला संशय आला : एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने आनंदांनाच विचारले. विनयपिटकातील चुल्लवग्गात हा संवाद आहे. ज्यांची चीवरे झिजली त्या भिक्खूंना वाटू, आनंद म्हणाले. आणि जुन्यांचे? त्यांचे पलंगपोस, मग गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, फडके, शेवटी तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपायची.

सातारा-सांगलीकडे आपल्या आया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत, ती हीच रीत. दीक्षेनंतर आपण देव्हारा उतरवला, हे योग्यच झाले. पण त्या जागी शोकेस आली! माळ्यावर आहेराची पातेली, खोक्यातून न काढलेला डिनर सेट. पैकी कितीतरी हप्त्यावर घेतलेले. वस्तू धूळ खाते, हप्ता मात्र दारात येतो, आणि त्याच महिन्यात मुलीच्या वह्या उधारीवर येतात.

व्यग्घपज्ज सुत्तात भगवंतांनी दीघजाणू या कोलिय गृहस्थाला तराजूचा दाखला दिला. पारडे किती झुकले हे तोलणाऱ्याला कळते, तसा गृहस्थाने आय-व्यय जाणावा. उधळू नये, पोटाला चिमटाही घेऊ नये. सांगलीच्या हळदपेठेतील तोलाईदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर माळा उतरवा. धडके कपडे धुऊन ऊसतोडीच्या कोप्यांवर पोचवा. जादा पितळ मोडीत घाला व ती रक्कम मुलीच्या पोस्टातील खात्यात भरा.