वाचकांचे प्रश्न : इन्स्टंट गिझर परवडेल का?

प्रश्न : नाशिकला जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात चार माणसे, त्यांत सासूबाई सत्तरीच्या. १५ लिटरच्या गिझरची टाकी गळू लागली आहे. दुकानदार म्हणतो, इन्स्टंट गिझर घेतला तर वीजबिल निम्मे होईल. गॅसचा घेतला तर त्याहूनही स्वस्त, शिवाय तो बाथरूममध्येच बसेल आणि वायरिंगचा खर्च वाचेल. बजेट आठ हजारांचे. कोणता घ्यावा?

उत्तर : पाणी तापवायला किती वीज लागणार हे गिझरच्या प्रकारावर फारसे अवलंबून नसते, पाणी किती आणि ते किती अंशांनी तापवायचे यावर ते ठरते. नाशिकच्या हिवाळ्यात नळाचे पाणी १८ अंशांचे धरले आणि अंघोळीचे ४० अंशांचे, तर २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट लागतो. चार माणसांचे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. युनिटला १० रुपये धरले तर ६०० रुपये. गिझर टाकीचा असो की इन्स्टंट, हा खर्च टळत नाही. इन्स्टंटमध्ये वाचते ती फक्त भरलेली टाकी गरम ठेवण्यात वाया जाणारी वीज. ज्या घरात गिझर दिवसभर चालू राहतो तिथे ही बचत दिसते. जिथे सकाळी वीस मिनिटे आधी बटण दाबून अंघोळी आटोपल्या की बंद करतात, तिथे ती नगण्य असते. ‘बिल निम्मे’ हे दुकानातले गणित आहे.

सोय मात्र कमी होते. बाजारात इन्स्टंट म्हणून मिळतो तो बहुधा ३ लिटरच्या छोट्या टाकीचा आणि ३ किलोवॉटचा असतो. त्यातून वरील हिशेबाने मिनिटाला दोन लिटर पाणी निघते, म्हणजे एका बादलीला दहा मिनिटे. शॉवरखाली मिनिटाला आठ लिटर कोमट पाणी हवे असेल, तर जवळपास १२ किलोवॉट लागतात. एवढा भार सिंगल फेजवरच्या साध्या घराला पेलत नाही. याउलट १५ लिटरच्या टाकीतले ६० अंशांचे पाणी थंड पाण्यात मिसळले की २८ लिटरच्या आसपास, म्हणजे जवळपास दीड बादली होते. २५ लिटरच्या टाकीत दोन बादल्या आरामात. स्वयंपाकघरातल्या सिंकला किंवा एकट्या माणसाच्या अंघोळीला इन्स्टंट उत्तम. सकाळी एकामागून एक चार अंघोळी असतील तर नाही.

पत्रात कोणता गिझर घ्यावा असे विचारले आहे. गॅसच्या गिझरची ज्योत कुठे जळणार, हे त्याआधी विचारायला हवे होते.

गॅस गिझरची बचत खोटी नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये, गिझरची कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली, तर तीनशेच्या जवळपास बादल्या निघतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादली तीन रुपयांना, विजेची पाचला. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन-सव्वादोनशे रुपये आणि हिवाळ्याच्या चार महिन्यांत हजाराच्या आत बचत होते. बाथरूममध्ये गॅस गिझर बसवताना या हजारासाठी नेमके काय पणाला लागते, ते कोणी सांगत नाही.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ताकदीने चालला की तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो आणि त्यासाठी तेरा-चौदा घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय चार फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा असते. दार लावलेले, थंडी म्हणून खिडकीही लोटलेली. हवा पूर्ण संपायला वीस मिनिटे लागतील, पण तोवर थांबावे लागत नाही. पाच-सात मिनिटांतच प्राणवायू इतका घटतो की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या दर्पामुळे नाकाला कळतो. हा कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, गरगरते, मळमळते, हातपाय ढिले पडतात. दार उघडावे हे सुचेपर्यंत कडी काढायची ताकद उरलेली नसते. बाहेरच्यांना वाटते, फिट आली किंवा हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांच्या नियतकालिकांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने असे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतातच. त्यांत तरुण, धडधाकट माणसेही असतात. सत्तरीच्या बाईंना तर अंघोळीला वेळही जास्त लागतो.

यावर दुकानदारांकडे ठरलेली उत्तरे असतात. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो, हे खरे. पण इथे ज्योत विझत नाही, चुकीची जळते. पाइप गॅस असला की धोका नाही, हे खोटे. पाइपमधला गॅसही बंद जागेत तोच वायू तयार करतो. एक्झॉस्ट फॅन लावा, हा सल्ला अर्धवट आहे. ताजी हवा आत यायला वाट नसेल तर फॅन ओढणार काय? धुराची नळी असलेल्या गिझरचा धूर तो उलटा खोलीतही ओढू शकतो. ‘आमच्याकडे दहा वर्षे चाललाय’ हे वाक्य दुर्घटना झालेल्या घरांतूनही आदल्या दिवसापर्यंत म्हटले जात असते.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या गच्चीकडच्या भिंतीवर बसवायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत न्यायची, ही एकच रीत मान्य करण्याजोगी आहे. बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल तर तीही बाद. या नळीकामाचा खर्च धरला की पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांची बचत त्यातच जाते. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते. एवढ्या दाबावर काही गॅस गिझर पेटतच नाहीत. आधीपासून बाथरूममध्ये असलेला गिझर हलवेपर्यंत बादल्या दार उघडे ठेवून भराव्यात, गिझर बंद करावा, मगच अंघोळीला जावे. कोणी आत कोसळलेच तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना गॅस गिझरचे नाव सांगावे. त्याशिवाय त्यांचा तर्क दुसरीकडे जातो.

बादलीत सोडायचा रॉड हा पर्यायच नव्हे. तोटीला लावायचे प्लास्टिकचे गिझर त्याहून वाईट. गळकी टाकी डाग देऊन वापरण्यात अर्थ नाही. गच्चीवर सौर बंब सोसायटीने मिळून बसवला तर चांगलाच, पण त्याची बैठक होईपर्यंत हिवाळा संपेल.

या घरासाठी २ किलोवॉटचा, १५ किंवा जमल्यास २५ लिटरचा स्टार-मानांकित गिझर जुन्याच जागी बसवावा. १५ लिटरचा बजेटमध्ये बसतो. २५ चा थोडा वर जातो. वाचलेली रक्कम असेल तर ती वायरिंगवर घालावी, कारण गिझर जुन्या जागी बसवला तरी वायरिंगचा खर्च टळतोच असे नाही. गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चालू अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच हवा. जुन्या इमारतींत अनेकदा अर्थिंगची तार पॉइंटपर्यंत येते, पण खाली जमिनीशी जोडलेली नसते. हे परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे, नुसत्या टेस्टरने कळत नाही. बोअरचे जड पाणी असेल तर टाकीतला क्षार वर्षाकाठी साफ करावा लागतो. टाकीची आणि हीटिंग एलिमेंटची वॉरंटी बहुधा वेगवेगळ्या मुदतीची असते. दोन्ही बिलावर लिहून घ्याव्यात. विक्रेता बाथरूममध्ये गॅस गिझर बसवायचाच आग्रह धरत असेल तर तोच सल्ला त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी लेखी मागावा. तो देणार नाही.