पुरे झाले हे कोणी ओळखावे?

वाचन : निर्गम ३५:२०-३५, ३६:१-७, ३८:२४-३१. गणना ७:१-९. लूक १२:१३-२१.

नाताळच्या भेटीगाठींच्या दिवसांत आम्ही एका बंधूंच्या घरी गेलो होतो. बंधू कारखान्यात टूलरूममध्ये कामाला आहेत, हात फार चांगला. त्यांना लेगोच्या ठोकळ्यांचा नाद आहे. चहा झाल्यावर त्यांनी आम्हांला आतली खोली दाखवली. दोन कपाटे भरलेली, पलंगाखाली खोकी, कपाटावर न उघडलेली अकरा खोकी. एक संच तर चुकून दोनदा घेतला गेला होता, हे त्यांनीच हसत सांगितले. दाराशी त्यांचा सात वर्षांचा मुलगा उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. ‘हात लावायचा नाही’ अशी त्याला शिकवण होती आणि तो ती पाळत होता. निघताना बंधूंनी आम्हांला विचारले, “किती झाले म्हणजे पुरे झाले, हे सांगता येईल का?” त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न आमच्याबरोबर आहे, आणि या महिन्याचा पाठ त्यावरच घेत आहो.

प्रथम, ज्यांना हा नाद माहीत नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडे. बांधणीची खेळणी नवी नाहीत. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी मेकॅनो पाहिला असेल : भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट, बोल्ट, चाके. लिव्हरपूल शहरातील फ्रँक हॉर्नबी या कारकुनाने तो आपल्या मुलांसाठी तयार केला आणि १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. दोन भोकांतले अंतर अर्धा इंच. पुढे बरीच वर्षे या संचांना ० पासून १० पर्यंत क्रमांक होते. क्रमांक ४ चा संच असलेल्या मुलाने मधला पुरवणी संच घेतला की त्याचा संच ५ चा होई, मग ६ चा. दहा क्रमांकाचा संच लाकडी कपाटात येई, आणि तो पाहण्याचे भाग्यही फार थोड्या मुलांना लाभे. खेळणे उत्तमच होते. पण त्या क्रमांकांत एक पायरी पुढची सदैव रिकामी राही, हेही खरे. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. आपल्याकडे मेकॅनिक्स नावाचे तशाच धर्तीचे संच अनेक घरांत आले.

लेगोची कथा आम्हांला अधिक जवळची वाटते. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क ख्रिश्चनसेन या सुताराने मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. तो भाविक लुथरन मनुष्य होता. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. मुलगा गोटफ्रेड याने लाकडी बदकांना रोगणाचे तीन हात देण्याऐवजी दोनच दिले आणि पैसे वाचवल्याचे मोठ्या अभिमानाने बापाला सांगितले. बापाने त्याला स्टेशनावर पाठवून खोकी परत आणवली आणि राहिलेला हात रात्री बसून द्यावयास लावला. त्याच गोटफ्रेडने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अशा खेळांना ‘पोरखेळ’ म्हणून नाक मुरडणारे आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. देवाच्या आत्म्याने भरलेला असे पवित्र शास्त्रात ज्याच्याविषयी आपण प्रथम वाचतो तो राजा नव्हे, याजक नव्हे. तो बसालेल नावाचा कारागीर आहे (निर्गम ३१). हातांना काम देणारा आनंद देवाला परका नाही.

आणि आता त्या बसालेलाकडेच वळू. आमच्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तिथे सापडले.

निवासमंडपासाठी लोकांनी दान आणावे असे मोशेने सांगितले. लोकांनी सोने, चांदी, पितळ, निळे व जांभळे सूत, कातडी, लाकूड आणले. रोज सकाळी आणत राहिले. मग निर्गमच्या छत्तिसाव्या अध्यायात काय घडते ते पाहा. काम करणारे सगळे कारागीर आपापले काम ठेवून मोशेकडे येतात आणि सांगतात की, कामाला लागते त्याहून फार जास्त लोक आणत आहेत. मोशे छावणीभर दवंडी पिटवतो : आता कोणीही, पुरुष असो की स्त्री, आणू नये. लोकांना आवरावे लागले. दान आणू नका असे सांगण्याची पाळी देवाच्या कामात क्वचितच येते. आमच्या वर्गणीदारांना याचे नवल वाटेल!

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पुरे झाले हे कोणाला कळले? आणणाऱ्यांना नव्हे. त्यांना ते कळणे शक्यच नव्हते. आणण्याला स्वतःची अशी मर्यादा नसते; आज आणले तसे उद्याही आणता येते. मोशेलाही ते आधी कळले नाही. कळले ते हातात करवत आणि सुई घेऊन बसलेल्यांना, कारण काय बांधावयाचे आहे हे त्यांच्यापुढे होते. नमुना आधी सांगितला गेला होता, अध्याय पंचविसापासून एकतिसापर्यंत. गोळा करणे नंतर आले. त्या दोहोंच्या मध्ये बत्तिसावा अध्याय आहे. त्यात लोकांनी कानांतली सोन्याची भूषणे काढून दिली, पण पुढे नमुना नव्हता, आणि निघाले ते वासरू.

पुढे अडतिसाव्या अध्यायात हिशेब दिला आहे. पुष्कळ जण तो अध्याय वाचताना पाने उलटतात. आम्ही या वेळी पेन्सिल घेऊन बसलो. मंडपाच्या फळ्या दक्षिणेला २०, उत्तरेला २०, मागे पश्चिमेला ६ आणि कोपऱ्यांना २, अशा ४८. प्रत्येक फळीला दोन कुसे, प्रत्येक कुसाखाली चांदीची एक उथळी, म्हणजे बैठक. त्या झाल्या ९६. अंतरपटाच्या चार खांबांच्या ४ मिळवल्या की १००. शंभर किक्कार चांदी, शंभर उथळ्या. वर राहिलेल्या १,७७५ शेकेलांच्या आकड्या, खांबांच्या बांधपट्ट्या वगैरे केल्या. चांदी कुठे गेली याचा शेवटपर्यंत पत्ता लागतो. आमच्या बंधूंनी एक संच दोनदा घेतला तो या जागी आम्हांला आठवला. आपल्याजवळ काय आहे हे मालकाला सांगता येईनासे झाले म्हणजे मोजदाद तुटली. मग पुढची खरेदी गरजेपोटी होत नाही, विसरण्यापोटी होते.

निवासमंडप हा तरी काय होता? फळ्या, कुसे, कड्या, अडसर. जोडावयाचा, सोडावयाचा, उचलून न्यावयाचा. गणनाच्या सातव्या अध्यायात अधिपतींनी सहा गाड्या आणि बारा बैल दिले. दोन गाड्या व चार बैल गेर्षोनी लोकांना, चार गाड्या व आठ बैल मरारी लोकांना. फळ्या, अडसर, खांब, उथळ्या हा सगळा जड भाग मरारींकडे. कहाथींना गाडी नाही, त्यांनी पवित्र वस्तू खांद्यावर न्यावयाच्या. कोणी कोणती वस्तू उचलावी हे मरारींना नावानिशी नेमून देण्यात आले. तेव्हा सांभाळणाऱ्याचे हात आणि ठेवण्याची जागा, या दोन गोष्टीही हिशेबात होत्या. सातवी गाडी मागितल्याचे कुठे दिसत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाचे एक कपाट ही त्या कुटुंबाची गाडी आहे. ते भरले की दुसरे आणण्याआधी पहिल्यातले काय निघेल ते पाहावे.

परंतु थोडे असणे हेच पवित्र असे कोणी समजू नये. फळ्या ४८ लागत होत्या. ४७ वर थांबणाऱ्याचा मंडप उभा राहिला नसता. कोणी आगगाडीचा पूल बांधीत असेल आणि त्याला तशाच आणखी चाळीस पट्ट्या लागत असतील, तर त्याने त्या आणाव्या. आम्ही त्याला लोभी म्हणणार नाही. मान्नाच्या कथेतही (निर्गम १६) रोजचे माप माणशी एक ओमर होते आणि शिळा ठेवलेला मान्ना किडला. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि तो किडला नाही. त्या साठ्यामागे शब्बाथाचे कारण होते. ज्याचे कारण सांगता येते तो साठा वेगळा. ‘पुढेमागे लागेल’ हे मात्र कारण नव्हे. आमच्या स्वतःच्या कपाटात पुढेमागे वाचू म्हणून घेतलेली पुस्तके किती आहेत हे आम्ही इथे लिहिणार नाही.

थोड्यातून किती होते याचा अंदाज आपल्याला नसतो. आठ गुठळ्यांचे, एकाच रंगाचे दोन लेगो ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर १,०६० प्रकारे. सहा घेतले तर? कंपनी पुष्कळ वर्षे १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत असे. तो एकावर एक अशा सहा थरांच्या मनोऱ्यांचाच होता. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने सर्व प्रकार मोजले, ते ९१,५१,०३,७६५ भरले. सहा ठोकळे! मुठीत मावतील इतके. किंडरगार्टनचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल हा जर्मनीतील एका पाळकाचा मुलगा. त्याच्या तिसऱ्या ‘देणगी’च्या लाकडी पेटीत आठच घनाकृती ठोकळे असत. मुलाने जे काही मांडावे त्यात आठही वापरावे, एकही बाहेर राहू नये, आणि खेळ संपला की ते पुन्हा पेटीत बसावे, असा शिरस्ता होता.

उलट बाजूने पाहता, मोठ्याला अंत नाही. २०२१ साली लेगोचा टायटॅनिक जहाजाचा संच निघाला, त्यात ९,०९० तुकडे. पुढच्याच वर्षी आयफेल मनोऱ्याचा निघाला, त्यात १०,००१. करणाऱ्याने करावे, तो त्याचा धंदा आहे. पण ‘पुरे’ हा शब्द दुकानदार आपल्याला सांगेल अशी वाट पाहू नये. काही जण न उघडलेली खोकी भाव चढेल म्हणून ठेवतात. तेही करावयाचे असेल तर खुशाल करावे, मात्र त्याला छंद म्हणू नये. तो व्यापार आहे, आणि त्याचे पुस्तक घरखर्चापासून वेगळे ठेवावे.

लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवानाकडे आता पाहू. कोठारे मोडून मोठी बांधण्याचा त्याचा बेत आपल्याला पाठ आहे. तो बेत तो कोणाशी बोलतो? स्वतःशी. प्रश्न स्वतःला, उत्तर स्वतःचे. घरात दुसरे कोणी असल्याचा मागमूस नाही. निर्गमातले कारागीर सगळे मिळून मोशेकडे गेले होते. म्हणून आमची सूचना अशी की, हा प्रश्न एकट्याने सोडवू नये. महिन्याचा पगार, मुलांची फी, दशांश आणि छंद हे एकाच कागदावर, पतिपत्नींनी एकत्र बसून लिहावे. ज्या खरेदीचे खोके घरी आणताना पिशवी झाकावी लागते, ती खरेदी मर्यादेपलीकडची समजावी, मग ती दोनशे रुपयांची का असेना. छंद स्त्रियांचा असेल, साड्यांचा किंवा भांड्यांचा असेल, तरी हेच.

उपदेशक पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात असा विचार आहे की, संपत्ती वाढली म्हणजे धन्याला ती डोळ्यांनी पाहण्यापलीकडे लाभ उरत नाही. बांधणीच्या खेळण्याला तर हे फारच लागू पडते. ठोकळ्याचा उपयोग बांधण्यात आहे. तो पाहण्यापुरता उरला की खेळणे राहिले नाही. त्या दिवशी खोलीत आम्ही पाहत होतो, बंधू पाहत होते, दाराशी मुलगाही पाहत होता. बांधीत कोणीच नव्हते.

आम्ही बंधूंना उत्तर पत्राने कळवले. काही विकून टाका असे आम्ही लिहिले नाही. एवढेच लिहिले की, पुढचे नवीन खोके घेण्यापूर्वी त्या अकरांपैकी एक उघडावे, मुलाला शेजारी बसवून बांधावे, आणि मग दोघांनी मिळून ठरवावे की आता काय बांधावयाचे आहे व त्याला काय कमी पडते. ज्याला कशातच जागा नाही असे निघेल ते शब्बाथशाळेच्या शिशुवर्गाला द्यावे. मात्र देताना मोडके, चाके नसलेले, कोणालाच नको असलेले तुकडे देऊ नयेत. मोजून, धुऊन, पेटीत घालून, आत किती नग आहेत ते झाकणावर लिहून द्यावे. रोगणाचा तिसरा हात तेवढा राहू देऊ नये.

बंधूंचे उत्तर आले आहे. पहिले खोके उघडले. ती आगगाडी निघाली. बांधण्यास तीन संध्याकाळ लागल्या, कारण मुलगा सूचनांचे पान बाजूला ठेवून डबे आपल्या मनाप्रमाणे जोडतो. बंधूंना ते प्रथम सोसेना, असे ते लिहितात.