मधुमेह आणि दृष्टिपटल : दिसते आहे तोवरच तपासणी

अंथुर्णे परिसरात घरातील वडीलधाऱ्यांची नजर मंदावली की, "मोतीबिंदू असेल, ऊस कारखान्याला गेला की दाखवू," असे म्हणण्याचा प्रघात आहे. मोतीबिंदूच्या बाबतीत हा विलंब बहुधा भरून निघतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू लागते. मात्र व्यक्ती मधुमेही असल्यास हाच विलंब कायमचे अंधत्व आणू शकतो, हे आम्ही नम्रपणे नमूद करू इच्छितो.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल हा नाजूक पडदा असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्यास त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन पाझरतात व पडद्याच्या मध्यभागी सूज येते. काही वाहिन्या बंद पडतात. मग नव्या फुटतात, पण त्या ठिसूळ असल्याने डोळ्यात रक्तस्राव होतो, प्रसंगी पडदाही सुटतो. प्रारंभी वेदना नसते, नजरही शाबूत असते. लेसर, इंजेक्शन वा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी बहुतांशी राखता येते. गेलेली पूर्णपणे परत मिळणे कठीण असते.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात साखरेच्या काटेकोर नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. रक्तदाबही आटोक्यात हवा.

प्रौढ वयात मधुमेहाचे निदान होताच, व पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत घरचे माणूस असावे. देणगीदारांच्या साहाय्याने यंत्रसामग्री उभी राहते. रुग्णास वेळेवर आणणे मात्र कुटुंबीयांच्याच हाती आहे.