जुना मोबाईल पंप चालवतो

हिंगणा तालुक्यात ज्यांच्या घरी संत्र्याची बाग किंवा कपाशीचे शेत आहे, त्या विद्यार्थ्यांना 'रात्रीची लाईन' म्हणजे काय हे सांगायला नको. महाराष्ट्रात शेतीपंपांना अनेक वर्षे पाळीपाळीने दिवसा 8 किंवा रात्री 10 तास थ्री-फेज वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली की हाती बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि हिरवे बटण दाबायचे. वाटेत साप, विंचू, रानडुक्कर यांची भीती असतेच. स्टार्टरला 'ऑटो' जोडला तर वीज येताच पंप आपोआप सुरू होतो, हे खरे. पण वाफे भरल्यावर तो बंद कोण करणार?

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर मोबाईलचा उपाय काढला. त्यांच्या 'नॅनो गणेश' या यंत्राला 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. अशा यंत्रामागचे तत्त्व आपण कपाटात पडलेल्या जुन्या, बटणांच्या मोबाईलवर समजावून घेऊ.

फोनची कळ दाबली की एकाच वेळी दोन सूर वाजतात. कळांच्या चार आडव्या ओळींना 697, 770, 852 आणि 941 हर्ट्झ हे खालचे सूर दिलेले आहेत. उभ्या स्तंभांना 1209, 1336 आणि 1477 हर्ट्झ हे वरचे. 5 ही कळ दुसऱ्या ओळीत व दुसऱ्या स्तंभात आहे, म्हणून तिचे सूर 770 आणि 1336. अमेरिकेत 1963 साली ही पद्धत प्रचारात आली. सूर दोन का? माणसाच्या बोलण्यात अनेक कंप्रता असतात. एकच सूर ठरवला असता तर बोलताबोलताच 'कळ दाबली' असा भास यंत्राला झाला असता. शिवाय यांतील कोणतीही कंप्रता दुसरीची पूर्ण पट नाही.

आता जोडणी पाहू. जुन्या फोनमध्ये हँड्स-फ्रीची पिन खोचून 'आपोआप उत्तर' ही सोय चालू केली, की आलेला फोन तो स्वतःच उचलतो. कानात घालायच्या बोंडाऐवजी ती तार 8870 नावाच्या चिपला जोडतात. ही चिप दोन सूर ओळखून चार तारांवर द्विमान पद्धतीने अंक देते. 5 साठी 0101. शून्यासाठी मात्र 0000 नव्हे, 1010, म्हणजे दहा! (जुन्या चकतीच्या फोनमध्येही शून्याला दहा ठोके जात.) पाचवी तार 'सूर ओळखला' एवढेच सांगते.

या तारा छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोडायच्या. खरी अक्कल त्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे. चुकून लागलेल्या फोनने पंप सुरू होऊ नये म्हणून आधी चार अंकी गुप्त संख्या मागायची. अशा संख्या 10,000 होतात; तीनदा चुकल्यास पुढचे अंक मानायचेच नाहीत. संख्या जुळल्यावर 1 आला तर पहिला रिले दोन सेकंद मिटवायचा, 0 आला तर दुसरा क्षणभर उघडायचा. दोनच सेकंद का? स्टार्टरचे हिरवे बटण आपणही क्षणभरच दाबतो. पुढे त्यातील कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. म्हणून पहिला रिले हिरव्या बटणाला समांतर आणि दुसरा लाल बटणाला एकसर जोडतात.

येथे एक धोका आहे आणि तो रात्रीच्या सापाहून लहान नाही. घरून पंप सुरू करणाऱ्याला विहिरीवर कोण उभे आहे ते दिसत नाही. पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच काढणे हा नियम अशा ठिकाणी कधीही मोडू नये. स्टार्टरची जोडणी जाणत्या वायरमननेच करावी. फुगलेली बॅटरी असलेला फोन घेऊ नये, आणि जुन्या फोनला टू-जी सेवा लागते हेही आधी तपासावे.

शाळेत पंपाच्या जागी 9 व्होल्टची बॅटरी व लहान दिवा घ्या. रिलेच्या वेटोळ्याला डायोड उलट्या दिशेने जोडायला विसरू नका. रिले सुटताना उठणारा व्होल्टेजचा धक्का ट्रान्झिस्टर जाळतो. पाचव्या तारेवर रोधासह एक एलईडी लावा. मग फोनवर नुसते बोला, गा, शिट्टी वाजवा. शिट्टी कितीही सुरेल असली तरी तिच्यात एकच मुख्य सूर असतो, त्यामुळे एलईडी पेटत नाही. आता दोघांनी मिळून दोन बासऱ्यांवर 770 आणि 1336 गाठता येतात का पाहा. दीड टक्क्यापर्यंतची चूक ही चिप पोटात घालते, साडेतीन टक्क्यांची नाही.