आधी वस्तू हातात, मग माऊस

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका पॅटर्न शॉपमध्ये मी काम शिकलो. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी लाकडात घडवलेली वस्तूची प्रतिकृती. तिच्याभोवती वाळू ठासून साचा तयार होतो. पुढे पटाशी सुटली, संगणक आला आणि मी सॉलिड मॉडेलिंग करू लागलो. डिप्लोमा करून हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. वस्तूची फोड मनात करा.
मी टेबलावर बेअरिंगचा ब्लॉक ठेवतो आणि विचारतो, हा कशाकशाचा बनलाय? ‘खाली आयताकृती ठोकळा, त्यावर नळकांडं, त्यात आरपार भोक, दोन्ही अंगांना आधाराच्या बरगड्या.’ एवढं सांगता आलं की निम्मं मॉडेल झालं. एक्स्ट्रूडने सपाट आकृतीला, म्हणजे स्केचला, जाडी येते, रिव्हॉल्व्हने ती अक्षाभोवती फिरून गोल वस्तू होते, स्वीपने ती वाटेवरून ओढली जाते. मग एक घन दुसऱ्यात मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा. बहुतेक यंत्रभाग एवढ्यावर उभे राहतात.

२. स्केच मोकळं सोडू नका.
सुरुवातीला मी एका ब्रॅकेटचं भोक नजरेच्या अंदाजाने मध्यावर ठेवलं. पुढे रुंदी ८० मिलिमीटरची ९० झाली. कड सरकली, भोक होतं तिथेच राहिलं, आणि चूक कळली ती पॅटर्न घडल्यावर. लाकूड वाया गेलं, मेहनतही. कडेपासून ४० हे माप दिलं असतं, तरी भोक चुकलंच असतं. ‘दोन्ही कडांपासून सारखं अंतर’ हा संबंध द्यायला हवा होता. समांतर, लंब, समकेंद्री, सममित हे संबंध आधी द्या, आकडे नंतर. स्केच पूर्ण बांधलं गेलं की फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ते हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये काळं. रेषांना असे संबंध देण्याची सोय इव्हान सदरलँड यांनी एमआयटीत १९६३ साली केलेल्या ‘स्केचपॅड’ या प्रोग्राममध्येही होती. या विद्येचा पाया तिथला आहे.

३. क्रम घडवणाऱ्याचा ठेवा.
मॉडेलचा प्रत्येक टप्पा फीचर ट्रीमध्ये ओळीने नोंदला जातो आणि खालचा टप्पा वरच्यावर टेकलेला असतो. नवशिके कोपरे आधीच गोल करतात. मग ठोकळ्याचं माप बदललं की ती कडच सापडत नाही आणि ट्रीमध्ये चुकांची रांग लागते. आधी मुख्य घन, मग उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून १-२ अंशांचा उतार, त्यानंतर गोलाई. ड्रिलची भोकं आणि मशिनिंग सगळ्यांत शेवटी. ते टप्पे बंद केले की त्याच फाइलमधून ओतकामाचं मॉडेल निघतं. त्यात मशिनिंगसाठी जादा धातू आणि आकुंचनाची वाढ धरायची. करडं बिडाचं लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून २०० मिलिमीटरच्या भागाचा पॅटर्न २०२ चा लागतो.

४. मॉडेलचं वजन करा.
सॉलिड मॉडेल आतून भरीव असतं, म्हणून त्याचं घनफळ कळतं. घनता दिली की वजनही. बिडाच्या १०० × १०० × १० मिलिमीटर पाटीचं वजन हातानेच काढा: १०० घनसेंटिमीटर गुणिले ७.२, म्हणजे ७२० ग्रॅम. पडद्यावर ७.२ किलो दिसलं, तर कुठेतरी दशांश चिन्ह घसरलंय. ही दोन मिनिटांची तपासणी मी कधीच चुकवत नाही.

५. पडद्यावर बसलं म्हणजे यंत्रात बसलं असं नाही.
२० मिलिमीटरचा शाफ्ट २० मिलिमीटरच्या भोकात पडद्यावर बिनतक्रार जातो. कारखान्यात कुठलंही माप नेमकं २० येत नाही. म्हणून मापात किती फरक चालेल ते, म्हणजे टॉलरन्स, ठरलेल्या वर्गांनी सांगतात: एच-७ भोक २०.००० ते २०.०२१ च्या दरम्यान असतं, जी-६ शाफ्ट १९.९८० ते १९.९९३. हातात मायक्रोमीटर धरलेल्या कारागिराला हे आकडे ड्रॉइंगवर मिळालेच पाहिजेत. मॉडेल कितीही देखणं असलं, तरी टॉलरन्स लिहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानत नाही.

शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फ्रीकॅड मोफत मिळतं. एक व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि स्वयंपाकघरातून सुरुवात करा. आज स्टीलचा पेला, उद्या खलबत्ता, परवा पाट. वस्तू उचला, मोजा, ती कशी घडली असेल याचा विचार करा, आणि मगच संगणक सुरू करा.